गुळाने काही धुतले जात नाही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग पाहुणे, मग लग्नसराई. आज लिहिते आहे ते रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. राग घरातल्याच माणसांवर आहे आणि घरातली माणसे हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. वाचावाच त्यांनी.

झाले असे. माझ्या भावाच्या मुलाचे आमच्याच गावात फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, लोखंडी जिने, पत्र्याच्या शेड आणि हंगामाच्या आधी उसाच्या ट्रॉल्या. सहा पोरे कामाला आहेत. भाऊबिजेला सगळे जेवायला बसलो होतो. मी सहज विचारले, "त्या पोरांच्या नाकातोंडाला काही देतोस की नाही रे?" तर भाचा म्हणतो, "आत्या, रोज चार वाजता सगळ्यांना गूळ-शेंगदाणे देतो. गुळानं छाती साफ होते. आजवर एकालाही काही झालेलं नाही." पंगतीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा. मग विषय चकली कडक झाली की मऊ, यावर गेला.

मला तेव्हा उत्तर देता आले नाही, कारण मलाच काही ठाऊक नव्हते. मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई मी. तेहतीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला. रसायनशास्त्राशी माझा संबंध जुन्या अकरावीपर्यंतचा. पण त्या रात्री झोप लागली नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे दुसराच एक माणूस होता. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

तेव्हापासून वाचते आहे. नात फार्मसीला आहे, तिने इंग्रजी निबंध मोठ्या अक्षरात छापून दिले. शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक पान वाचले, अडले तिथे तिला फोन केला. ("आजी, तू पीएच.डी. करते आहेस का?" असे तिने दोनदा विचारून झाले.) आता उत्तर देता येते, म्हणून देते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपला 'धूर' हा शब्दच आपल्याला फसवतो. धूर म्हटला की आपल्याला चूल आठवते, होळी आठवते, शेतात पेटवलेले पाचट आठवते. डोळे चुरचुरतात, खोकला येतो, बाहेर आलो की संपले. वेल्डिंगच्या रॉडच्या टोकाशी जे निघते ते या जातीचे नव्हेच. तिथे ठिणगीचे तापमान काही हजार अंशांवर असते. लोखंड २८६२ अंश सेल्सिअसला उकळते. वितळते नव्हे, उकळते. म्हणजे पाण्याची व्हावी तशी लोखंडाची वाफ होते. ती वाफ हवेत आली की क्षणात गार होते, तिचा प्राणवायूशी संयोग होतो आणि तिचे बारीक कण बनतात. हे कण इतके बारीक की बहुतेक एका मायक्रॉनच्याही आत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नाकातल्या केसांना, घशातल्या कफाला ते जुमानत नाहीत, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत उतरतात. आपण ज्याला धूर म्हणतो ती हवेत उडवलेली धातूची पूड आहे. पोरे ती आठ-आठ, दहा-दहा तास ओढतात.

आणि ती फक्त लोखंडाची नाही. रॉडवर जो पांढरट-करडा लेप असतो त्यात मँगनीज असते, रॉडच्या तारेतही असते. मँगनीज २०६१ अंशांनाच उकळते, म्हणजे लोखंडाच्या कितीतरी आधी. त्यामुळे रॉडमध्ये मँगनीजचे जे प्रमाण असते त्याहून जास्त प्रमाण धुरात उतरते. यातले बहुतेक, नव्वद टक्क्यांच्या वर, रॉडमधून येते, जोडायच्या लोखंडातून नव्हे. हे मला फार महत्त्वाचे वाटले. कारण "आम्ही साधंच लोखंड जोडतो, केमिकलचं काम नाही आमचं" हे वाक्य मी भाच्याच्या तोंडून दहा वेळा ऐकले आहे. अरे बाबा, लोखंड साधे असेल, रॉड साधा नाही.

जस्ताचे तर वर्कशॉपमध्ये सगळ्यांनाच माहीत असते. जीआय पाइपवर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळते. पाइप जोडताना पांढरा, कापसासारखा धूर निघतो. त्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री पोराला हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला गोडसर, धातूसारखी चव येते, अंग मोडून येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप बरे वाटते. म्हणून त्याला कोणी आजार म्हणतच नाही. आणखी एक गंमत, गंमत म्हणायची तर, आठवडाभर रोज हे काम केले की शरीराला त्याची सवय होते. एक दिवस सुटी झाली की सवय मोडते आणि परत कामावर आल्या दिवशी पुन्हा ताप. इंग्रजीत त्याला सोमवारचा ताप असेही नाव आहे. आमच्या गावात त्याला 'नाटकं' म्हणतात. सुटी संपली की पोरांना ताप येतो, कामचुकार आहेत सगळे! हे मी स्वतः ऐकलेले आहे.

या तापावर दूध पाजतात. दुधाने बरे वाटत असेल, पोटाला आधार मिळतो. पण ताप दूध न पिताही दोन दिवसांत उतरतोच. गुळाचे श्रेय असेच मिळवलेले आहे.

आता गुळाकडे वळते, कारण भाचा म्हणणार की शास्त्राने सिद्ध झाले आहे. होय रे, मीही वाचले. १९९४ साली लखनौच्या औद्योगिक विषशास्त्राच्या सरकारी संस्थेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. धुळीत काम करणारे मजूर गूळ खातात आणि त्यांना त्रास कमी होतो असे सांगतात, तर बघू या, असा त्यांचा विचार. त्यांनी कोळशाची आणि सिलिकाची धूळ फुप्फुसात घातलेल्या उंदरांना गूळ दिला, तेव्हा त्यांच्या फुप्फुसातून कण जास्त प्रमाणात हललेले दिसले. प्रयोग प्रामाणिक आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण तो उंदरांवर होता, माणसांवर नव्हे. धूळ कोळशाची आणि दगडाची होती, मँगनीजची नव्हती, क्रोमियमची नव्हती. आणि मुख्य म्हणजे मँगनीज फुप्फुसात बसून राहतच नाही. ते रक्तात जाते, रक्तातून मेंदूत जाते. छाती साफ करणारा गूळ मेंदू कसा साफ करणार? हा प्रश्न मी आठवीतल्या मुलाला घातला असता तर त्यानेही बरोबर उत्तर दिले असते.

शेंगदाण्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. गूळ-शेंगदाणे चांगलेच. पोरे राबतात, त्यांना चार वाजता खायला द्यावेच. उलट ज्याच्या अंगात लोह कमी, त्याचे शरीर मँगनीज जास्त शोषून घेते, असे तज्ज्ञ सांगतात. पंडुरोग असलेल्या पोराला पोटभर खायला घालणे हे पुण्यच आहे. फक्त ते उपकार म्हणून दे, औषध म्हणून देऊ नकोस.

मँगनीजचा हा आजार नवा नाही. १८३७ साली ग्लासगोमध्ये कूपर नावाच्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा नोंदवला. ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यात मँगनीजचा काळा दगड दळणारे मजूर होते. त्यांचे पाय लुळे पडू लागले, चालताना तोल जाऊ लागला, आवाज बारीक झाला, चेहऱ्यावरचे भाव गेले. १८३७ म्हणजे आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघत होते तेव्हा. इतकी जुनी माहिती आहे ही. पुढे जगभर त्याचे वर्णन पक्के होत गेले. चेहरा मुखवट्यासारखा होतो. मागे पाऊल टाकायला सांगितले तर माणूस पडतो. काही जण कोंबड्यासारखे चवड्यांवर चालतात. अक्षर बारीक होत जाते. दिसायला पुष्कळसे पार्किन्सन्ससारखे, पण पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळ्यांचा फारसा गुण येत नाही.

"हे खाणीतल्या माणसांचं झालं, वेल्डिंगवाल्याचं काय?" तेही सांगते. २०१७ साली अमेरिकेतल्या ८८६ वेल्डिंग कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जहाजबांधणीच्या गोद्या आणि एक फॅब्रिकेशनचे वर्कशॉप, तिथली ही माणसे. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासले. जितका धूर जास्त, तितकी पार्किन्सन्ससारखी लक्षणे वेगाने वाढत गेली. हात संथ होणे, अवयव ताठरणे, बोलणे आणि चेहऱ्यावरचे भाव बिघडणे. आणि त्यांच्या हवेत मँगनीज सरासरी किती होते? घनमीटरला ०.१४ मिलिग्रॅम. आता आपल्याकडचा आकडा ऐका. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत मँगनीजच्या अशा धुराची मर्यादा दिली होती १ मिलिग्रॅम. म्हणजे ज्या हवेत ती माणसे बिघडत गेली, त्याच्या सातपट मँगनीज असले तरी आपल्या कायद्याच्या दृष्टीने हवा चांगली! अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने श्वासातून खोल जाणाऱ्या कणांसाठी २०१३ सालीच ०.०२ मिलिग्रॅम सुचवले. आपल्यापेक्षा पन्नास पटींनी कडक. (अमेरिकेचा कायदाही काही फार शहाणा नाही. तिथल्या सरकारी नियमात ५ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. म्हणजे गाढवपणात आपण एकटे नाही, एवढेच समाधान.)

कर्करोगाबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये ल्यों येथे आहे. तिने १९८९ मध्ये वेल्डिंगचा धूर 'कदाचित' कर्करोगकारक ठरवला होता. मार्च २०१७ मध्ये तो 'कदाचित' काढून टाकला आणि धूर पहिल्या गटात घातला. त्याच गटात तंबाखू आहे, ॲस्बेस्टॉस आहे. त्या संस्थेच्या अंदाजाने जगात एक कोटी दहा लाख माणसे वेल्डर म्हणून काम करतात आणि आणखी अकरा कोटींचा कामाच्या ओघात वेल्डिंगशी संबंध येतो. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनच्या सरकारी खात्याने सगळ्या कारखान्यांना बजावले की साध्या लोखंडाचे वेल्डिंग असले तरी नुसत्या उघड्या खिडक्या चालणार नाहीत, धूर जिथे निघतो तिथेच ओढून घेतला पाहिजे. ब्रिटनमध्ये वेल्डरांना न्यूमोनियाची लस देण्याचीही शिफारस आहे, कारण त्यांना तो इतरांपेक्षा जास्त होतो. आपल्याकडे लस कोण देतो? आपण गूळ देतो.

क्रोमियमचे वेगळेच प्रकरण आहे आणि ते आपल्या भागाचे आहे म्हणून थोडे थांबते. साखर कारखान्यात ऊस ज्या रोलरमध्ये पिळला जातो, ते रोलर गुळगुळीत झाले की ऊस घसरतो. म्हणून त्यांच्या दातांवर रॉडने खरखरीत थेंब चढवतात, त्याला आर्किंग म्हणतात. गाळप बंद ठेवून चालत नाही म्हणून हे काम रोलर फिरत असताना करतात. त्या रॉडमध्ये क्रोमियम भरपूर असते. माणूस फिरत्या रोलरशेजारी तासन्‌तास वाकून बसलेला, खालून रसाची वाफ, समोरून धूर. या धुरातले क्रोमियम 'सहा संयुजेचे' असते, ते सिद्ध झालेले कर्करोगकारक. स्टेनलेस स्टीलवर रॉडने काम करतानाही तेच निघते. दुधाच्या टाक्या, हॉटेलांची भटारखाने, आणि हल्ली प्रत्येक बंगल्याच्या जिन्याला लागतात ती चकचकीत रेलिंगे. रेलिंगवाले बहुधा आर्गन वेल्डिंग करतात. त्यात धूर बराच कमी, हे खरे. पण त्याच्या टंगस्टनच्या लाल टोकाच्या काड्यांमध्ये दोन टक्के थोरियम असते, आणि थोरियम किरणोत्सारी असते. पोरे त्या काड्यांना ग्राइंडरवर टोक काढतात आणि उडालेली पूड फुंकून टाकतात. हे वाचले तेव्हा मी नातीला फोन करून विचारले की मला नीट समजले आहे ना. नीटच समजले होते.

जुनी गेटे दुरुस्तीला येतात त्यांच्यावर जुने रंग असतात. गंजाला आवर म्हणून पूर्वी लावायचे ते शेंदरी प्राइमर म्हणजे शिसेच. आपला देवाचा शेंदूर तोच. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे दहा लाखांत नव्वद भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचे रंग अजून सगळ्यांच्या गेटांवर आहेत. रंग न खरवडता त्यावर टाका मारला की शिशाची वाफ.

आता वाद घालणाऱ्यांकडे येते.

"आमचे मिस्त्री चाळीस वर्षं वेल्डिंग करतायत, ठणठणीत आहेत." असतील. माझे आजोबा नव्वदीपर्यंत चिलीम ओढत होते. जे ठणठणीत राहिले ते वर्कशॉपमध्ये दिसतात. जे राहिले नाहीत ते घरी खाटेवर असतात आणि त्यांना मोजायला कोणी जात नाही. वर्गात हजर मुलांनाच "कोण कोण गैरहजर आहे?" असे विचारण्यासारखे आहे हे.

"मास्क दिला तरी घालत नाहीत." हे खरे आहे, मी पाहिले आहे. पण का घालत नाहीत? पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात बेचाळीस अंश, एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात काच, आणि तोंडावर तू दिलेला निळा कापडी मास्क, ज्याने घामाशिवाय काही अडत नाही. पोरांना ते कळते. खोटे औषध आहे हे रोग्याला कळले की तो घेत नाही. करोनाच्या वर्षात २०२० मध्ये गावातल्या शेंबड्या पोरालाही एन-९५ म्हणजे काय ते कळले होते. तो नीट चेहऱ्याला बसला तर बारीक कण बरेच अडवतो. वायू अडवत नाही, म्हणून तो पूर्ण उपाय नव्हे. पण रुमालापेक्षा हजार पटींनी बरा. पन्नास रुपयाचा धरला तर सहा पोरांचे दिवसाचे तीनशे रुपये. तीस-पस्तीस हजारांच्या गेटमागे तीनशे रुपये!

आणि मास्कच्या आधी हवा. भाच्याने मोठ्या दिमाखाने मला भिंतीवर उंच लावलेला एक्झॉस्ट पंखा दाखवला. पोरगा खाली जमिनीवर उकिडवा बसून टाका मारतो आहे, पंखा त्याच्या डोक्यावर बारा फुटांवर. म्हणजे धूर वर जाणार तो त्याच्या नाकावरूनच. शिवाय ओढणाऱ्या नळीचे तोंड जेवढे रुंद, तेवढ्याच अंतरावर तिची ओढ जेमतेम एक दशांश उरते. फूटभर रुंद तोंड असले तर फूटभरावरच ही गत, बारा फुटांवर काय उरणार? स्वयंपाकघरातल्या कोणत्याही बाईला हे कळते, फोडणीच्या वेळी चिमणी कढईजवळ पाहिजे, माळ्यावर नाही. धूर निघतो तिथे ओढणारी लवचिक नळी मिळते. ती परवडत नसेल तर काम उघड्यावर घ्या, वारा बाजूने येईल असे बसा, डोके धुराच्या रेषेतून बाहेर ठेवा. जस्त आणि रंग आधी घासून काढा. टाकीच्या आत उतरून काम करायचे तर हवा ओढणारे यंत्र लावल्याशिवाय उतरू नका. याला शास्त्रज्ञ लागत नाही, मालकाने एकदा स्वतः उभे राहून बघावे लागते.

"कायदा आहे ना, सरकार बघेल." सरकार बघणार नाही, कारण तुमचे वर्कशॉप सरकारच्या डोळ्याला दिसतच नाही. १९४८ च्या कायद्यात वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला किमान दहा कामगार लागत. २०२० साली संसदेने केलेली नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिने कारखान्यासाठी ही संख्या वीस केली. सहा पोरांचे वर्कशॉप आधीही बाहेर होते, आता आणखी बाहेर गेले. आणखी एक वाचून ठेवा. मँगनीजची विषबाधा ही जुन्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत 'कळवण्याचा आजार' म्हणून होती, नव्या संहितेच्या यादीतही आहे. म्हणजे डॉक्टरला तसा रोगी आढळला तर त्याने सरकारला कळवायचे असते. पण रोगी आढळण्यासाठी आधी एक प्रश्न विचारावा लागतो. १७०० साली इटलीत रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने धंद्यांच्या आजारांवर पुस्तक लिहिले आणि सगळ्या डॉक्टरांना सांगितले की रोग्याला "तू काम काय करतोस?" हे विचारत जा. सव्वातीनशे वर्षे झाली.

ग्राहकही काही कमी नाहीत, आणि त्यात मी आले. आमच्या जिन्याचे ग्रिल केले तेव्हा दीड हजार रुपये पाडून घेतले म्हणून मी आठवडाभर खुशीत होते. ते ग्रिल एका पोराने बंद जिन्यात बसून दोन दिवस जोडले. पावसाचे दिवस म्हणून मीच खिडकी लावून घेतली होती. त्याला चहा दिला.

आता तो माणूस. नाव लिहीत नाही, त्याची मुले हे वाचू शकतील. माझा विद्यार्थी, अठ्ठ्याऐंशी साली दहावीला होता. इंग्रजी आणि गणितात गेला. पण अक्षर असे की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार रोज त्याने लिहायचा हे ठरलेले. मोठे, टपोरे, शिरोरेघ आखल्यासारखी. त्याची आई रडत आली तेव्हा मीच सांगितले, "रडू नका, आयटीआयला घाला. वेल्डरच्या ट्रेडला आठवी पास चालतं, वर्षाचा कोर्स आहे, जन्माची भाकरी मिळेल." मी सांगितले म्हणून त्यांनी घातले. भाकरी मिळाली, खोटे नाही. अनेक हंगाम तो ठेकेदाराकडे रोलरच्या आर्किंगला होता, मग स्वतःचे दुकान टाकले. दोन मुलांना शिकवले. दुकानाची पाटी त्याने स्वतः रंगवली होती, मी जाता-येता मुद्दाम बघायची.

दोन वर्षांपूर्वी दुकान बंद झाले. मागच्या गुरुपौर्णिमेला तो मुलाचा हात धरून आला. पन्नाशीतला माणूस, चेहरा गोठल्यासारखा. मी काहीतरी विनोद केला, तो हसला की नाही ते मला कळले नाही. नमस्कार करून मागे सरकताना तोल गेला, मुलाने धरले. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या डॉक्टरांना दाखवले होते. पार्किन्सन्स म्हणाले, गोळ्या चालू आहेत, फारसा फरक नाही. मी विचारले, "डॉक्टरांनी काम काय करतोस ते विचारलं का?" तो म्हणाला, "नाही बाई. काय करत होतो ते कोणी विचारलं नाही."

त्याला हे मँगनीजनेच झाले असे मी म्हणत नाही. साधे पार्किन्सन्सही पन्नाशीत होते. मी काही डॉक्टर नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की कोणी बघितलेच नाही. मेंदूच्या एमआरआयमध्ये मँगनीजची एक खूण दिसते म्हणतात, पण काम सोडल्यावर काही महिन्यांत ती पुसट होते. दोन वर्षांपूर्वी बघायला हवे होते.

आणि भाच्या, आता तुझ्याशी बोलते. तू रागावणार, रागाव. तुला वाटले असेल आत्या पोरांची बाजू घेऊन माझ्याविरुद्ध लिहिते. अरे, तू स्वतः बावीस वर्षे रॉड धरतो आहेस. मालक झालास तरी अवघड टाका तूच मारतोस, सगळ्यांना सांगत असतोस. रविवारी सुटी आणि सोमवारी रात्री तुला ताप येतो, हे तुझी बायको मला तीनदा बोलली आहे. जीआयचे काम असले की येतो ना? मला माहीत आहे. वहिनी त्याला दृष्ट लागणे म्हणते आणि मीठमोहऱ्या ओवाळते.

एन-९५ चे दोन खोके मागवले आहेत, परवा येतील. ते तुझ्याकडे पोहोचवते. पैसे देऊ नकोस, माझ्या ग्रिलचे दीड हजार बाकी आहेत असे समज. पंख्याची जागा मात्र तुलाच बदलावी लागेल. चार वाजता येईन, गूळ-शेंगदाणे मलाही ठेव.

त्या विद्यार्थ्यासाठी मी एक कागद तयार केला आहे, पुढच्या मंगळवारी डॉक्टरांना दाखवायला. कोणत्या साली कुठे काम केले, कोणते रॉड, बंद जागेत किती, रोलरवर किती हंगाम, सगळे त्याला विचारून लिहिले. शेवटी त्याची सही घेतली. सहीला फार वेळ लागला. पहिले अक्षर कसेबसे दिसते, पुढची मुंगीसारखी बारीक होत गेली आहेत. शेवटचे अक्षर वाचायला मला भिंग लागले.